पास आणि पासबुक

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘डोंबिवली आणि लोकल’ या विषयावर बोलायला सांगितलंय. चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला हिशोबाशिवाय बोलता येत नाही. तेव्हा आधी हिशोब.

डोंबिवली ते व्हीटी (नाव बदललं तरी आमच्या पिढीच्या तोंडी तेच) सुमारे 48 किलोमीटर. घरापासून शाखेपर्यंत दीड तास, परत दीड तास. सुट्ट्या आणि रजा वजा जाता वर्षाला 270 दिवस धरले, तर 34 वर्षांत 27,540 तास होतात. म्हणजे दिवसरात्र मिळून 1,147 दिवस. तीन वर्षं आणि वर जवळजवळ दोन महिने मी प्रवासातच राहिलो!

आपला मार्ग तसा फार जुना. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. विजेवरची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली त्या 2025 सालीच तिनेही शंभरी गाठली.

आता पासबुक उघडू. जमेला काय? दसऱ्याला डब्याला बांधलेलं तोरण, वाटलेले पेढे, चौथ्या सीटवर टेकायला मिळालेली वीतभर जागा. आणि ही सोसायटी. नव्या मंडळींना माहीत नसेल, पण इथे एकत्र घरं घ्यायची ही कल्पना निघाली ती डब्यातच. सुरुवातीची सात कुटुंबं एकाच ग्रुपमधली. नावे बाजूला काय, ते आमच्या घरच्यांना विचारा. मुलांची आजारपणं, शाळेतल्या पालकसभा, गॅसचा नंबर, सगळं हिने एकटीने पाहिलं. त्या रकमेची परतफेड कुठल्याच हप्त्यांत होत नाही.

या पासबुकातली एक नोंद मात्र आपल्या सगळ्यांची आहे. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, फोन बंद, इथे दिवेही गेलेले. मी शाखेत टेबलावर झोपलो आणि 28 तारखेला दुपारी, ठाण्यापुढचं बरंचसं अंतर चालत, घरी पोचलो. गेटवर वही घेऊन दोन वहिनी उभ्या होत्या. कोण कुठे कामाला, कोण आलं, कोण यायचं आहे, याची मजल्यावार यादी त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात केली होती. माझ्या नावापुढे खूण केली आणि म्हणाल्या, “भाऊ, आधी चहा घ्या, अजून चौघं यायचेत.” सोसायटीची नोंदणी आधीच झालेली होती, पण माझ्या मते आपण शेजारी झालो ते त्या दोन दिवसांत.

आता मेट्रो येणार म्हणून सगळे खूश आहेत. मीही आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत 2014 साली पहिल्यांदा बसलो, तेव्हा दारं मिटल्याशिवाय गाडी हलत नाही याचंच मला जास्त कौतुक वाटलं. कल्याण-तळोजा मेट्रो आपल्या एमआयडीसीच्या बाजूने जायची आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 पासून धावते आहे. दोन्ही जोडल्या गेल्या, की बेलापूरला नोकरी करणाऱ्यांचा ठाण्याचा वळसा वाचेल. पण एक लक्षात घ्या, ही मेट्रो काही व्हीटीला जात नाही. मुंबईच्या नोकरीसाठी आपल्या मुलांना अजून बरीच वर्षं लोकलच धरावी लागणार आहे.

म्हणून दोन मागण्या. पहिली तरुणांना. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडून गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. “काका, आत शिरायला जागाच नसते,” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, मी ती गर्दी पाहिली आहे. पण आत पाय ठेवता येत नसेल, तर ती गाडी सोडा. लेट मार्क लागला तर लागू दे, साहेबाची बोलणी ऐकून घ्या. आणि घरच्यांनी, सकाळी “अजून निघाला नाहीस?” म्हणून त्याच्यामागे लागू नये.

दुसरी मागणी कार्यकारिणीला. ती वही पुन्हा सुरू करा. कोणत्या घरातलं कोण कुठे कामाला जातं आणि कोणाला फोन करायचा, ही यादी दरवर्षी जूनच्या आधी तयार ठेवा. मोबाइलमध्ये ठेवाच, पण कागदावरही ठेवा, कारण त्या दिवशी फोन चालले नव्हते. लिहायला मी तयार आहे. अक्षर अजून बरं आहे आणि आता मला कुठलीही गाडी पकडायची नाही.

जेवण तयार असल्याची खूण झाली आहे.