सात दिवसांत उजळवणारी डबी

अकोल्यातल्या एका घराची बातमी जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण. मुलीनं ब्युटीपार्लरमधून आणलेल्या क्रीमनं चेहरा उजळला, तो फरक घरच्यांनाही दिसला, आणि मग तिघीही ते क्रीम लावू लागल्या. वर्ष सरता सरता तिघींच्याही मूत्रपिंडांच्या गाळण्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा पाऱ्याचा माग त्या क्रीमपर्यंत पोचला. या घटनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की ते क्रीम गुण देत होतं. आपण एरवी क्रीम पारखतो ते 'फरक पडला का' यावरून. माझं म्हणणं आहे की चेहऱ्याच्या बाबतीत ही पारख उलटी लावली पाहिजे: जे फार लवकर फरक दाखवतं, त्याच्यावरच आधी संशय घ्यावा.

कारण त्वचेची स्वतःची एक गती आहे. तिचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, वांगासारखा डाग फिका व्हायला काही महिने. मग सात दिवसांत रंग कसा उजळतो? पारा त्वचेतलं टायरोसिनेज नावाचं विकर अडवतो, म्हणून रंगद्रव्य कमी तयार होतं, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो. दुसरी वाट स्टिरॉइडची. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पुटकुळी बसते, चेहरा नितळ दिसतो. काही महिन्यांनी मात्र कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब उघडते. देशभरातल्या त्वचारोग विभागांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. ही औषधं वाईट नाहीत. योग्य रोगावर, योग्य दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ती मोलाची आहेत. ती मेकअपच्या सामानात आली, तिथे घोटाळा झाला. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानात नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते, हे आपण सगळे जाणतो.

कुणी म्हणेल, 'आमच्या घरात दोन वर्षं लावतात, काही झालं नाही.' पण मूत्रपिंड दुखत नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते. दुसरा आक्षेप, 'मग घरगुतीच बरं.' हळद-बेसनाबद्दल माझी तक्रार नाही, पण लिंबू चोळून आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात निघालं तर चेहऱ्यावर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग मागे राहतात. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असं त्वचा मानत नाही.

तिसरा आक्षेप खरा आणि जड आहे: चांगलं ते महाग असतं. निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला सनस्क्रीन परवडत नाही. मात्र एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तिथे चेहरा आणि मान झाकणारा सुती दुपट्टा हाच पहिला उपाय आहे, आणि कोरड्या त्वचेला साधी पेट्रोलियम जेली पुरते. ज्यांना जमेल त्यांनी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन घ्यावं, वांगावर तर त्याशिवाय कुठलंच औषध टिकत नाही. स्वस्त आणि महाग यांपेक्षा नाव असलेली डबी आणि बिननावाची डबी हा फरक मोठा आहे. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत, आणि बाहेरदेशातला माल असेल तर आयातदाराचं नाव व नोंदणी क्रमांक, एवढं वाचायला अर्धं मिनिट लागतं. देशात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला अंशही, डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर, दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पार्लरमध्ये चमच्यानं काढून पांढऱ्या डबीत भरून दिलेल्या क्रीमला मात्र यातला एकही नियम लागू करता येत नाही, कारण ते कुणी बनवलं हेच ठाऊक नसतं.

आणि असं क्रीम कुणी आधीच लावत असेल तर? लघवीला फेस येतो का, सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायांवर सूज दिसते का, हे पाहावं आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. पाऱ्याचं क्रीम वेळीच थांबलं तर बहुतेकांची मूत्रपिंडं सावरतात. स्टिरॉइडचं मात्र एकाएकी न सोडता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं सोडावं. डबी भीतीनं उकिरड्यावर फेकू नका, डॉक्टरांकडे सोबत न्या. अकोल्याच्या त्या घरातही उत्तर क्रीम तपासल्यावरच मिळालं.