वाऱ्याचा हिशेब



बोटभर उंचीच्या रंगवलेल्या बाहुल्यांची पलटण मेजावर मांडून, पट्टीने कूच मोजून आणि फाशांच्या दानावर जयापजय ठरवून जी लढाई खेळली जाते, तिच्यात जादूला किती अधिकार द्यावा, हा प्रश्न वरकरणी बालिश वाटला, तरी त्याच्या पोटात राज्यकारभाराइतकाच जुना पेच दडलेला आहे: जी शक्ती स्वभावतःच अमर्याद, तिला कायदा कसा लावावा? १९८३ साली इंग्लंडात ब्रायन अँसेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी सिद्ध केलेल्या ‘वॉरहॅमर’ या खेळाच्या आवृत्त्या क्रमाने चाळल्या, म्हणजे या पेचाची निरनिराळी उत्तरे एकाच दप्तरात पाहावयास मिळतात.

१९८७ च्या तिसऱ्या आवृत्तीतला जादूगार हा वस्तुतः खजिनदार होता. त्याच्या नावे ठरावीक जादूगुण जमा असत, प्रत्येक मंत्राची रक्कम त्यातून खर्ची पडे, आणि शिल्लक सरली की मांत्रिकाचा नुसता झगा उरे. हिशेब चोख, पण जी जादू रोजकीर्दीत मांडता येते, तिचा दरारा तो काय राहणार? म्हणून १९९२ च्या चौथ्या आवृत्तीने रोजकीर्द मिटून पत्ते पिसले. जादूच्या वाऱ्यांचे पत्ते दोन्ही पक्षांत वाटले जाऊ लागले, आणि प्रतिपक्षाच्या हाती काय आहे या संशयातून गूढता परत आली; मात्र त्या वेळेपुरती रणांगणावरची लढाई थांबून हातातल्या पानांत शिरू लागली.

२००० साली सहाव्या आवृत्तीने पत्ते काढून फासे आणले. मांत्रिकाच्या पायरीप्रमाणे मंत्राचे फासे आणि शत्रूच्या मंत्रावर उताऱ्याचे फासे मिळत. दोन षट्के पडली की मंत्राला उताराच नाही, दोन एक्के पडले की मंत्र करणाऱ्यावरच उलटे. तथापि आमदनी मांत्रिकागणिक असल्याने, मांत्रिकांची खोगीरभरती हाच शहाणपणा ठरला. २००६ च्या सातव्या आवृत्तीने एकाचे फासे दुसऱ्याने वापरण्यास मनाई केली खरी. पण आमदनीचा उगम तोच राहिला.

तो उगम बदलला २०१० च्या आठव्या आवृत्तीने, आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद फेरफार तोच. दर फेरीस दोन फासे टाकावे. त्यांची बेरीज हे मंत्र घालणाऱ्याचे बळ, आणि दोहोंतले मोठे दान हे प्रतिपक्षाचे. सरासरीने एकीकडे सात, दुसरीकडे साडेचार. जादूचा वारा सुटला तर सर्वांसाठी, पडला तर सर्वांसाठी. मांत्रिक एक असो वा चार, त्याने फारसा फरक पडेना. शिवाय दोन षट्कांचा जो पौबारा पूर्वी निव्वळ वरदान होता, त्यालाच आता शाप जोडला गेला: मंत्र अनिवार होई, पण त्याच क्षणी उलटेही.

नियमकर्त्यांना वाटले, भयाने हात आखडेल. परंतु खेळाडू गणिती निघाले. दोन फाशांवर दोन षट्के छत्तिसांत एकदा पडतात. एका मंत्रावर कमाल सहा फासे ओतले, तर शंभरात सुमारे सव्वीस वेळा. मृत्युविद्येचा ‘जांभळा सूर्य’ हा मंत्र एकदा सुटला की ज्याला तो शिवेल त्याने चपळाईची परीक्षा द्यावी, नापास झाल्यास मरावे, चिलखताचा उपयोग नाही. मंद हालचालीच्या अवजड पलटणी त्यात गारद होत असता, एक मांत्रिक जळाला तर बिघडले काय? सैन्य उभारतानाच प्रत्येक शिराची किंमत गुणांत ठरलेली असते. आणि ज्या जिवाची किंमत ठरली, तो खर्ची घालण्यास मालकाला दुःख होत नाही. भय हिशेबाच्या वहीत चढले, आणि तिथे ते निव्वळ एक रक्कम झाले.

पुढे या खेळाच्या कथेतले जगच लयास गेले, आणि २०२४ साली ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने परतले, तेव्हा जादूचे स्वतंत्र खाते मोडून तिचा कारभार डावपेच, कूच, मारा आणि हातघाई या खात्यांत वाटून दिलेला होता. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर नियमकर्त्यांनी जादूवर अंमल मिळवला असे मला म्हणवत नाही. त्यांनी दर वेळी एवढेच ठरवले की तिची झळ कोणी सोसावी: खजिन्याने, नशिबाने, की झगा घातलेल्या त्या बोटभर माणसाने. त्याला मात्र कोणत्याच आवृत्तीत कोणी विचारले नाही.