पौषातलं पिल्लू
(आकाशवाणीवरील भाषण)

३० ऑगस्ट २०२०, रविवार. त्या दिवशी रेडिओवर 'मन की बात' ऐकणाऱ्या बीड-जालन्याच्या श्रोत्यांच्या कानावर एक घरचं नाव पडलं. पंतप्रधान बीड पोलिसांच्या श्वान पथकातल्या रॉकीबद्दल बोलत होते. तीनशेहून अधिक प्रकरणांच्या तपासात पोलिसांना साथ देणारा हा कुत्रा नुकताच गेला होता आणि बीड पोलिसांनी त्याला मानानं अखेरचा निरोप दिला होता. घरी कुत्रा आणायचा विचार असेल तर देशी जातीचा आणा, असं आवाहनही त्याच भाषणात होतं.

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. पुलाच्या अलीकडे अंबड तालुक्यातली गावं, कॅनॉलच्या पाण्यावरचा ऊस आणि रानारानांत विखुरलेले आखाडे, म्हणजे शेतातल्या वस्त्या. कुत्रं नाही असा आखाडा शोधून काढावा लागेल. मोटारीची केबल, शेळ्या, रास लावलेलं धान्य, अंगणात झोपलेली लेकरं, सगळ्यांची राखण तेच करतं. त्याला रोजची भाकरी मिळते. पण त्याला रेबीजची लस कधी दिली, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर येत नाही. रॉकीला जे मिळालं, म्हणजे वेळेवर लस, शिकवण आणि एक हक्काचा माणूस, ते या कुत्र्यांनाही मिळायला हवं. त्यासाठी पैशांपेक्षा वेळ पाळणं महत्त्वाचं आहे. आणि ही वेळ आपल्या मराठी महिन्यांतच बसलेली आहे.

आपल्याकडची गावठी कुत्री प्रामुख्यानं कार्तिकाच्या आगेमागे माजावर येतात. गर्भ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे पिल्लं होतात पौषात, ऐन थंडीत, कडब्याच्या गंजीखाली नाहीतर उसाच्या पाचटात. पंधरा दिवसांत डोळे उघडलेलं गुबगुबीत पिल्लू दिसलं की पोरं ते शर्टात घालून घरी आणतात. इथंच पहिली घाई होते. पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळच राहिलं पाहिजे. चावलं की समोरच्याला किती दुखतं, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढं खेळता खेळता जोरात दात लावतं आणि मग त्यालाच वात्रट ठरवून मारलं जातं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही बंदी आहे. पौषातलं पिल्लू होळीच्या सुमाराला घरी आणायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

निवडताना रंग पाहू नये. टाळी वाजवली की कान टवकारून जवळ येणारं, डोळे स्वच्छ असलेलं, भावंडांत मिसळून खाणारं पिल्लू चांगलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर त्यात जंत आहेत. ते औषधानं जातात, म्हणून तेवढ्यावरून त्याला नाकारू नये. आणखी एक गोष्ट मनाला लागते. गावात नर पिल्लं उचलली जातात आणि माद्या मागं उरतात. त्यांतल्या कितीतरी धुळे-सोलापूर महामार्गावर गाड्यांखाली जातात. वास्तविक नसबंदी केलेली मादी राखणीत नराच्या तसूभरही मागं नसते.

विलायती जातींची हौस आता तालुक्याच्या गावांतही आली आहे. मात्र सायबेरियाच्या बर्फातला हस्की किंवा आल्प्समधला सेंट बर्नार्ड जालन्याच्या मे महिन्यात ठेवणं हा त्या जिवावर उघड अन्याय आहे. चपट्या नाकाच्या पगला तर साध्या उकाड्यातही धाप लागते. जातिवंतच हवा असेल तर मराठवाड्याचा स्वतःचा कारवान आहे. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव त्यासाठी ओळखलं जातं. उंच, सडपातळ आणि वाऱ्यासारखा धावणारा हा कुत्रा आहे, त्यामुळे त्याला मोकळं रान लागतं. मात्र त्याला सशामागं सोडण्याचा शौक कुणी करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

पिल्लू घरी आलं की शिकवण त्याच दिवशी सुरू होते, शिकवणाऱ्याच्या मनात असो वा नसो. तीन ते चौदा आठवडे हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा काळ. या दिवसांत ते जे पाहतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आपलं वाटतं; जे पाहिलेलं नसतं त्याची पुढं भीती वाटते, आणि भ्यालेलं कुत्रंच बहुधा चावतं. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेतात मेंढ्या बसवायला कळप येतात तेव्हा त्यांच्या वाड्यात नीट पाहावं. पिल्लं कोकरांच्या अंगावर लोळत वाढतात आणि मोठी झाली की त्याच मेंढ्यांसाठी लांडग्याला आडवी जातात. आखाड्यावरच्या पिल्लालाही असंच कोंबड्या, शेळ्या, ट्रॅक्टरचा आवाज, काठी टेकत येणारे आजोबा आणि शाळेच्या गणवेशातली पोरं, सगळ्यांची ओळख हळूहळू आणि न घाबरवता करून द्यावी.

घरात शी-शू केली म्हणून त्याचं नाक त्यात घासणं ही जुनी आणि निरुपयोगी शिक्षा आहे. पिल्लाला त्यातून फक्त माणसाची धास्ती कळते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावं, तिथं त्यानं उरकलं की लगेच शाबासकी द्यावी. 'लगेच' म्हणजे एक-दोन सेकंदांत. दोन मिनिटांनी दिलेला तुकडा कशाबद्दल होता, हे त्याला कळत नाही.

शब्द थोडे आणि ठरलेले हवेत: ये, बस, थांब, सोड. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत. आजी 'हिकडं ये' म्हणते, नातू 'कम' म्हणतो आणि बाप नुसती शिट्टी मारतो. अशानं ते गोंधळतं. पाच-सात मिनिटांचा धडा दिवसातून दोन-तीनदा पुरतो. नाव मोत्या, वाघ्या, राजा असं दोन अक्षरांचं, पटकन हाक मारता येईल असं असावं. एक पथ्य मात्र कडक: 'ये' म्हणून बोलावून कधीही मारू नये. 'ये' ऐकल्यावर मार बसतो हे ज्या कुत्र्याला कळलं, ते पुढं महामार्गाच्या मधोमध उभं असतानाही हाकेला येणार नाही. पोलिसांच्या श्वान पथकात कुत्र्यामागं ठरलेले हस्तक असतात. त्याचं खाणं-पिणं, सराव आणि आजारपण तेच पाहतात. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या कुत्र्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. त्याचं प्रशिक्षण पुण्यातलं. त्या कामगिरीमागं तीक्ष्ण नाक होतं तसा रोजचा, न चुकलेला सरावही होता.

चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येऊ लागतात. हिरड्या शिवशिवतात आणि चपला कुरतडल्या जातात. तेव्हा मारण्याऐवजी जाड सुताच्या दोरीची गाठ चघळायला द्यावी.

आता लस. दीड-दोन महिन्यांचं असताना पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस आणि तीन-चार आठवड्यांनी पुढची मात्रा. पार्वोत रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. तिसरा महिना पूर्ण झाला की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी पूरक मात्रा आणि नंतर दरवर्षी एकदा. पौषातल्या पिल्लाचा तिसरा महिना भरतो तो हनुमान जयंतीच्या आसपास. दरवर्षी हीच खूण धरली तर तारीख विसरायला होत नाही. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि पुढं तीन महिन्यांनी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुत्र्यासाठीही असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या आजाराला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कुत्रं चावलंच तर काय? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायची. मिरची, चुना, हळद, तेल यांतलं काहीही लावायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा; तिथं लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. लसीच्या सगळ्या मात्रा ठरल्या तारखेलाच घ्यायच्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीही वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरच्या पिल्लानं नुसतं ओरखडलं तरी हे सगळं लागू आहे.

खाण्याचा प्रश्न इथं फारसा अवघड नाही. हजारो वर्षं माणसाजवळ राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची ताकद आली आहे, लांडग्यात ती फार थोडी असते. म्हणून ज्वारीची भाकरी चालते. पण नुसत्या भाकरीवर कुत्रं वाढत नाही. तिच्यासोबत अंडं, बिनमिठाचं शिजवलेलं मटण-चिकन, थोडी मऊ डाळ हवी. मोठ्या कुत्र्यांना दूध बहुधा पचत नाही, ताक बरं. रविवारचा उरलेला रस्सा मात्र कधीही ओतू नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे त्याला विषारी आहेत, आणि शिजवलेल्या हाडाचे काटे होऊन आतडं फाटतं.

वैशाखात विशेष जपावं लागतं, कारण कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापणं हाच त्याचा मुख्य उपाय. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. ते १०६ च्या पुढं गेलं तर जीव धोक्यात येतो. दुपारी पत्र्याच्या शेडला बांधलेलं कुत्रं लाळ गाळत लटपटू लागलं तर सावलीत न्यावं, अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि डॉक्टरला बोलवावं. बर्फ चोळू नये. साखळीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. दिवसभर बांधल्यानं कुत्रं 'कडक' होतं हा समज चुकीचा आहे. ते बिथरतं आणि घरच्यांवरच उलटतं.

पावसाळ्यात गोचीड. ती रक्त तर पितेच, वर रक्तातले जंतू सोडते. ताप, खाणं बंद, नाकातून रक्त ही लक्षणं दिसली की थांबू नये. पिकावर मारायचं कीटकनाशक किंवा बैलासाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावणं म्हणजे विषबाधा. त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टर देतील तेच औषध लावावं.

भाद्रपदानंतर ऊस डोक्यावर जातो आणि गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यातलं वजन मोजलं तर सगळ्यांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. शिवाय त्याच्यासाठी आलेला बिबट्या घराच्या दारापर्यंत येतो. म्हणून अंधार पडला की कुत्रं दार लागणाऱ्या खोलीत किंवा पक्क्या जाळीच्या शेडमध्ये घ्यावं. चाहूल लागली की ते आतूनही भुंकतंच.

आणि मग पुन्हा कार्तिक जवळ येतो. पौषातली मादी तेव्हा नऊ-दहा महिन्यांची, म्हणजे स्वतः पिल्लं घालण्याच्या वयाची झालेली असते. नसबंदी सहा महिन्यांनंतर करता येते. 'एक वेत होऊ द्यावं' या समजुतीला कोणताही वैद्यकीय आधार नाही, उलट लवकर नसबंदी झाली तर स्तनांच्या गाठी आणि गर्भाशयाच्या सडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस टाके चाटू देऊ नयेत, जागा कोरडी ठेवावी, एवढीच काळजी. बेवारस कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. पण कोणत्या गल्लीत, कोणत्या आखाड्यावर किती माद्या आहेत, हे गावकऱ्यांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शहागड आणि आसपासच्या गावांतल्या तरुण मंडळांनी गणपती उठले की एक यादी करावी, ती ग्रामपंचायतीकडे आणि अंबडच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि नसबंदीचं शिबिर दसऱ्याच्या आत मागून घ्यावं.