वाळूवरचा फोटोवाला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणीतरी पंधरा मिनिटे बोलावे, असा आपला रिवाज आहे. गेल्या वर्षी लोणची टिकवण्यावर भाषण झाले, त्याच्या आदल्या वर्षी मधुमेहावर. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "जपानातला एक फोटोवाला." बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. त्यांचेही बरोबरच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत आणि जपान मी नकाशात पाहिला तेवढाच. पण फोटोच्या दुकानामागच्या घरात मी चोवीस वर्षे संसार करते आहे, तेव्हा जपानचे नसले तरी फोटोवाल्याचे मला थोडेफार कळते.

माझी पुतणी मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. दिवाळीत तिने काकांसाठी एक जाडजूड पुस्तक आणले. काकांनी चार पाने उलटली आणि गिऱ्हाईक आले म्हणून उठले. मी मात्र चकल्या तळून झाल्यावर तिला जवळ बसवून घेतले व सगळे वाचून दाखवायला लावले. त्या माणसाचे नाव शोजी उएदा.

जन्म १९१३ चा. जपानच्या पश्चिम भागात तोत्तोरी नावाचा प्रांत आहे. त्यात समुद्राकाठी साकाइमिनातो म्हणून लहानसे बंदर आहे, मासेमारीचे. तिथे त्याच्या वडिलांचा पादत्राणांचा धंदा होता. आपल्या खडावांसारख्या लाकडी चपला त्या लोकांत असतात, त्या. मुलाला ओढ चित्रांची आणि कॅमेऱ्याची. १९३२ साली तो टोकियोला जाऊन छायाचित्रणाच्या शाळेत थोडे महिने शिकला. आता टोकियो पाहिलेला मुलगा परत कशाला येतो, असे आपण म्हणू. पण हा आला आणि एकोणिसाव्या वर्षी गावात आपला स्टुडिओ उघडून बसला. सन २००० मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी तो गेला, तोपर्यंत त्याचे घर त्याच गावात होते. पुढे मोठेपणी तो दूरच्या विद्यापीठात शिकवायला जात असे, परदेशातही त्याची चित्रे लागली, पण बिऱ्हाड हलवले नाही.

मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले ते याचे, की त्या गावात फोटो काढण्याजोगे काय होते? समुद्र होता. धनुष्यासारखी वाकलेली वाळूची लांब पट्टी होती, तिला ते युमिगाहामा म्हणतात. पलीकडे दाइसेन नावाचा डोंगर, १,७२९ मीटर उंच. आणि त्याच प्रांतात पूर्वेकडे तोत्तोरीच्या वाळूच्या प्रसिद्ध टेकड्या, मैलोगणती. बाकी कोळी, शेतकरी, मुले. संपले.

पण पाने उलटताना माझ्या ध्यानात आले, की या माणसाला पडदा सापडला होता. आमच्या दुकानात पडदे कसे असतात ते तुम्हांला ठाऊक आहे. एकावर ताजमहाल, एकावर धबधबा, आणि मामंजींच्या वेळचा एक बंगल्याचा जिना रंगवलेला. तुमच्यातल्या निम्म्याजणी त्या जिन्यापुढे मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या आहेत! मामंजी मात्र घरच्या माणसांचा फोटो काढायचा झाला की पडदे गुंडाळून पांढरी चादर टांगत. म्हणत, "मागं काही नसलं की माणूस दिसतो." उएदाने तेच केले. मागे नुसती वाळू आणि वर नुसते आभाळ. झाड नाही, घर नाही, त्यामुळे कोण किती लांब उभा आहे तेही नीट कळत नाही. लांबचा माणूस कागदाच्या बाहुलीसारखा दिसतो आणि छत्री, टोपी, सायकल या साध्या वस्तू एकदम महत्त्वाच्या होऊन बसतात. या धाटणीला तिकडे त्याच्याच नावाने उएदा-चो म्हणतात, म्हणजे उएदाची चाल.

१९३९ चे त्याचे एक चित्र आहे. गावातल्या चार मुली वाळूवर ओळीत आहेत. प्रत्येकीची उभी राहण्याची तऱ्हा निराळी आणि एकीचे दुसरीकडे लक्ष नाही. मी पुतणीला म्हटले, या चौघी आत्ताच भांडल्या असणार. ती हसली. म्हणाली, "काकू, या चित्रावर लोकांनी लेख लिहिलेत." लिहोत बापडे. मला भांडण दिसले ते दिसले.

मग युद्ध आले. फिल्म मिळेना, कागद मिळेना. युद्ध संपल्यावर १९४९ साली त्याने काढलेले चित्र सगळ्यांत प्रसिद्ध आहे, आई, बाबा आणि मुलांचे. चार मुले, तो आणि त्याची बायको, सगळे वाळूवर अंतराअंतराने उभे. एक पोर बापाच्या खांद्यावर बसलेले. एकाजवळ सायकल. आई किमोनो नेसून शांत उभी. घरचा फोटो म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभे राहायचे, असा आपला नियम. इथे सगळे सुटे सुटे, आणि तरी हे एकाच घरचे आहेत हे न सांगता कळते.

या बाईंविषयी मला बोलायचे आहे. नाव नोरिए. १९३५ साली लग्न झाले. दुकान घरातच, पोरे चार, आणि नवऱ्याला सवड मिळाली की कॅमेरा उचलून वाळूवर निघायची सवय. तो स्वतःला जन्मभर हौशी म्हणवीत असे. धंदा करणारा म्हणवीत नसे. आता हौशी माणसाच्या घरात धंदा कोण सांभाळते, हे सांगायला पुस्तकाची गरज नाही. वर बाईंना फोटोत उभेही राहावे लागे! १९५० च्या सुमाराची चित्रे आहेत, वाळूच्या टेकडीवर ती एकटी, कधी अगदी लांब, बोटाएवढी. वारा असणार, वाळू डोळ्यांत जात असणार, आणि नवरा ओरडत असणार, "जरा डावीकडे." त्या दिवशी घरी स्वयंपाक कोणी केला हे पुस्तकात लिहिलेले नाही. पण तिच्या चेहऱ्यावर मला त्रागा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. फोटोवाल्याच्या बायकोला जबरदस्तीने उभे केले की ते निगेटिव्हमध्येसुद्धा दिसते. मी शपथेवर सांगते.

त्याच काळात जपानात वारे निराळे वाहू लागले. केन दोमोन नावाचे मोठे छायाचित्रकार म्हणत, की देश युद्धाने पोळला आहे, कॅमेऱ्याने खरे दाखवावे, माणसांना मांडून ठेवून चित्रे काढू नयेत. पुष्कळ लोक त्यांच्या बाजूला गेले. त्यांचे म्हणणे खोटे होते असे मला वाटत नाही. उपाशी माणूस दाखवलाच पाहिजे. पण मग उएदाची वाळूवरची माणसे पोरखेळ ठरली आणि बरीच वर्षे त्याचे नाव मागे पडले. त्याने फार वाद घातलेला दिसत नाही. गावात फिरत राहिला. बर्फातून शाळेला जाणारी, जत्रेत मुखवटे लावणारी, रस्त्यावर उगीच उभी असलेली आपल्या मुलखातली मुले तो ऋतूऋतूंत टिपत राहिला. त्याचे पुस्तक १९७१ साली निघाले. नावाचा अर्थ पुतणीने सांगितला, मुलांचे पंचांग. किती छान नाव आहे!

१९८३ साली नोरिएबाई गेल्या. उएदा सत्तर वर्षांचा. त्याने कॅमेरा खाली ठेवला. बायको गेल्यावर या माणसाला वाळूवर जाववेना, हे मला फार आत लागले. वाळू तीच, आभाळ तेच, पण "डावीकडे" म्हणायचे कोणाला? शेवटी त्याच्या मुलाने युक्ती केली. तो जाहिरातीच्या चित्रांच्या व्यवसायात होता. कपड्यांच्या फोटोंचे काम त्याने वडिलांकडे आणले. म्हणाला, वाळूवरच काढा. आणि म्हातारा पुन्हा टेकडीवर गेला! काळ्या कोटांतली, टोप्यांतली माणसे, पुन्हा तशीच सुटी सुटी उभी. लोकांना ती चित्रे इतकी आवडली, की मागे पडलेले नाव परत वर आले.

दाइसेनच्या पायथ्याशी १९९५ साली त्याच्या चित्रांचे संग्रहालय झाले. सुमारे १२,००० चित्रे तिथे आहेत. शिन ताकामात्सु या वास्तुकाराने ती इमारत त्या चार मुलींच्या चित्रावरून रचली. चार ठोकळे ओळीत, मधल्या फटींतून समोर डोंगर आणि खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब. आत एका खोलीत मोठ्या भिंगातून तोच दाइसेन भिंतीवर उलटा पडलेला दिसतो, कॅमेऱ्याच्या पोटात पडतो तसा. गावाने आपल्या फोटोवाल्याला डोंगरासमोर बसवले.

आता थोडे आपल्याकडचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पेठेत आले, तेव्हा आमच्या माळ्यावर निगेटिव्हचे सतरा पत्र्याचे डबे होते. मामंजींनी १९६८ साली दुकान घातले तेव्हापासूनचे. खालचे पाच डबे गेले. फिल्म एकीला एक चिकटून तिचा लगदा झाला. बाकीच्या मी दोरीवर वाळवल्या, कुरडया वाळवतात तशा. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत लोक यायला लागले. कोणाच्या भिंतीवरची आई वाहून गेलेली, कोणाचा लग्नाचा अल्बम चिखलात. "वहिनी, बघा की, तुमच्याकडं असंल." परीट आळीतल्या एक आजी रोज येऊन पायरीवर बसत. त्यांच्या मालकांचा एकच फोटो होता, तो गेलेला. नवव्या दिवशी आठव्या डब्यात मालक सापडले, फेटा बांधलेले, त्या रंगवलेल्या जिन्यापुढे. आजींनी प्रिंट हातात घेतली, पदराने पुसली, आणि म्हणाल्या, "हितं कवा गेलं हुते हे, बंगल्यात?"

आमचा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. तो म्हणतो, दुकान बंद करा आणि इकडे या. आता फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, कार्डावरच्या फोटोवर भाडे सुटत नाही. मुलाचे चुकत नाही. वहीत जमाखर्च मीच मांडते, मला आकडे माहीत आहेत. आमचे हे काही बोलत नाहीत. संध्याकाळी कॅमेरा घेऊन घाटावर जातात, परटिणी कपडे वाळत घालतात त्या वाळूवर. पुस्तकही हल्ली उशाशी असते. चैत्रात काय ते ठरवायचे आहे आणि ते आम्ही दोघे ठरवू. पण ठरो काहीही, ते बारा डबे रद्दीवाल्याकडे जाणार नाहीत, हे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

त्यासाठीच मी हा विषय घेतला. डब्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांची नावे आम्हांला माहीत नाहीत. मामंजी नुसता नंबर घालीत आणि नंबरांची वही पुरात गेली. ती माणसे तुमच्या सासवा आहेत, मावश्या आहेत, काही तुम्हीच आहात, दोन वेण्यांच्या. तुम्ही ओळखलीत तर नाव पाकिटावर लिहून ठेवता येईल. मंगळवारी दुकान बंद असते. दुपारी तीननंतर मागल्या दाराने या, चहा मी ठेवीन. चष्मा मात्र ज्याचा त्याने आणायचा, निगेटिव्ह उजेडापुढे धरून बघायची असते आणि त्यात काळे केस पांढरे दिसतात.