एका लिटरचा रस्ता

एप्रिल २००२मध्ये फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पीएख एक प्रायोगिक गाडी स्वतः चालवत वोल्फ्सबर्गहून हॅम्बुर्गला गेले. गाडीचे वजन जेमतेम २९० किलो, बैठका दोन, त्याही एकामागे एक. शंभर किलोमीटरला ०.८९ लिटर डिझेल लागले. चाचणी बंदिस्त मैदानावर नाही, वाहत्या रस्त्यावर झाली, म्हणून ती मला विशेष वाटते.

आमच्या मोरगावच्या घरात तसली चाचणी सतत चाले. १९७२ साली बाजारात आलेली लूना १९८०च्या दशकात आमच्याकडे आली. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखी पायडल. अम्माचे औषधपाणी बारामतीला. अब्बा पेट्रोल मोजून टाकत, किलोमीटर वहीत लिहीत. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेला आकडा वहीत कधी उतरला नाही. एकटे असले तर जवळपास जात. मागे अम्मा आणि समोरून वारा असला, की लिटरमागे दहा-बारा किलोमीटर गळत.

एकदा परतताना पेट्रोल संपले. अब्बा पायडल मारू लागले, अम्मा आजारी अंगाने मागून चालत. मयुरेश्वराच्या देवळाचे मिनार (होय, आमच्या गणपतीच्या देवळाला मिनार आहेत) दिसेपर्यंत दिवेलागण झाली. मी वेशीवर उभा होतो. अम्मा धापा टाकत अब्बांना म्हणाली, "आता हेही लिहा वहीत."

फोक्सवॅगनची तशी गाडी, एक्सएल-१, २०१३मध्ये आली. बनल्या फक्त २५०. लूना मात्र २०२४मध्ये विजेवर परतली. एका चार्जिंगला ११० किलोमीटर, असे तेव्हा सांगितले गेले. भाच्याने ती घेतली, तेव्हा मी त्याला कोरी वही दिली. म्हटले, किलोमीटर लिहिशील तिथे वारा कुठला होता आणि मागे कोण बसले होते, तेही लिही.