अपुऱ्या दिवसांचे मूल



सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, असे आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. वैद्यकशास्त्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. मातेच्या उदरात लाभलेला प्रत्येक जादा आठवडा बालकाच्या जगण्याची आशा वाढवीत असतो. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मते ते मूल अपुऱ्या दिवसांचे. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मास आली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. त्याच वर्षी आपल्या मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे ४३ बालके पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावली. देशातील राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. तेव्हा हा प्रश्न परक्याच्या घरचा नव्हे.

अशा मुलाची फुप्फुसे कच्ची असतात. बाळंतपणापूर्वी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हौवी यांनी १९७२ साली दाखवून दिले. श्रीमंत देशांत हा उपचार रूढ झाला. औषध स्वस्त; मग ते गरीब देशांतील खेड्यापाड्यांतही का पोहोचवू नये, असा विचार साहजिकच पुढे आला.

त्याची परीक्षा पाहण्यासाठी सहा देशांतील संशोधक एकत्र आले. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया आणि पाकिस्तान यांच्या जोडीला भारतातील नागपूर व बेळगाव ही दोन केंद्रे होती. सुमारे एक लाख बाळंतपणांची नोंद झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र सर्वांना चकित करणारा होता. अतिशय लहान मुलांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकंदर नवजात बालकांच्या मृत्यूंत हजारी साडेतीनची भर पडली आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची लक्षणेही अधिक आढळली. ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांतील बहुतेकींची मुले तितकी लहान निघालीच नाहीत.

संशोधकांनी हा निष्कर्ष झाकून ठेवला नाही, यातच त्यांचा मोठेपणा आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया व नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. या वेळी गरोदरपणाचे दिवस सोनोग्राफीने पारखून घेतले आणि नवजात बालकाच्या शुश्रूषेची सोय असलेली रुग्णालयेच निवडली. २०२० साली उत्तर मिळाले. औषध न मिळालेल्या मातांच्या मुलांपैकी शेकडा २३.५ दगावली, तर औषध मिळालेल्यांपैकी १९.६. म्हणजे पंचवीस मातांवर उपचार केले असता एक बालक वाचले. औषध तेच, पण तिथीचा हिशेब आणि शुश्रूषेची जोड असेल तरच ते तारक ठरते.

त्याच वर्षी आणखी एका संयुक्त संशोधनाचे फळ हाती आले. त्यातही नागपूर व बेळगाव सहभागी होते. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या आरंभापासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले असता अकाली बाळंतपणाचे प्रमाण शेकडा १३.१ वरून ११.६ वर आले. अर्थात ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नये.

या साऱ्या ज्ञानाचे ऋण आपण कोणाचे मानावयाचे? डॉक्टरांचे तर खरेच. पण आपल्या देहावर ही परीक्षा होऊ देणाऱ्या खेड्यांतील हजारो अनाम मातांचेही. ते फेडण्याचा मार्ग साधा आहे. इंदुरातील आणि माळव्यातील प्रत्येक घराने पाळी चुकताच तारीख टिपून ठेवावी, नाव लवकर नोंदवावे, आणि दिवस भरण्यापूर्वी कळा येऊ लागल्यास 'पाहू उद्या' न म्हणता तडक रुग्णालय गाठावे. दिवस मोजणे ही बायकी किरकिर नव्हे. त्या मोजणीवरच एका जिवाचे भवितव्य अवलंबून असते.