मेंदूचा पक्षाघात आणि कुटुंबाचे कर्तव्य
(रिठद येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात गुणवंतांचा सत्कार होतो, वधूवरांची ओळख होते. या आनंदाच्या प्रसंगी घराघरांत दडून राहिलेल्या एका दुःखाविषयी चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने आम्हां उभयतांस दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमच्या मुलास मेंदूचा पक्षाघात, म्हणजे डॉक्टर ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो विकार, जन्मापासून आहे.

जन्मापूर्वी, जन्मतेवेळी अथवा अगदी बालवयात वाढत्या मेंदूस इजा झाल्याने हा विकार होतो. लंडनचे शल्यवैद्य विल्यम लिटल यांनी १८६१ साली कठीण प्रसूती आणि मुलाच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध मांडला. पुढे आणखीही कारणे उमगली. तेव्हा यात आईचे कर्म वा घराण्याचे पाप शोधीत बसणे व्यर्थ होय.

आमचा मुलगा अकराव्या वर्षापर्यंत भिंतीच्या आधाराने ओसरीतून अंगणापर्यंत जात असे. पुढे तो झपाट्याने उंच झाला आणि चालणे थांबले. टाचा उचलल्या गेल्या, गुडघे वाकले, रात्री कूस वळविताना तो किंचाळू लागला. आप्तेष्ट कळवळून म्हणत, “दुखणे वर चढले, आता औषधोपचार कशाला?”

येथेच मोठा गैरसमज आहे. मेंदूतील मूळ इजा वाढत नाही. हाडे वाढतात, परंतु ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. त्यामुळे सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो, खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो. अशा मुलांपैकी सुमारे तिघांत एकाचा खुबा सरकतो आणि आरंभी तो दुखेलच असे नाही. म्हणून डॉक्टर सांगतील त्या मुदतीने एक्स-रे काढावा लागतो. कधी कारण याहून साधे असते: किडलेला दात, बद्धकोष्ठ किंवा खुर्चीचा काच. ज्या मुलास बोलता येत नाही, त्याची वेदना ताठरपणाच्या रूपाने बोलते. मात्र येत असलेल्या गोष्टी एकामागून एक जात असतील, तर मूळ निदानही पुन्हा तपासून घेणे अगत्याचे असते.

आमच्या मुलाचा खुबा सरकला होता; शस्त्रक्रिया झाली. तो पूर्ववत् चालू लागला असे सांगून आम्ही आपणांस खोटी आशा लावणार नाही. तो चालत नाही. परंतु रात्री शांत झोपतो आणि चाकाच्या खुर्चीत बसून शाळेत जातो. चालणे गेले याचे दुःख आहेच, पण वेदना गेली हे सुख लहान नव्हे.

घरी आम्ही काही नियम पाळतो. त्यास बसवूनच भरवितो. घास गिळताना वारंवार ठसका लागला तर डॉक्टरांस कळवितो. आकडीचे औषध आपल्या मनाने बंद करीत नाही. हातपाय जोराने ओढून सरळ करू देत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायामच करवितो. दर महिन्यास त्याला काय करता येते, हे वहीत टिपून ठेवतो. डॉक्टरांपुढे ती वही फार उपयोगी पडते.

मुंबईच्या मिठू अलूर यांची कन्या मालिनी चिब हिलाही हाच विकार. या मातेने १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. मालिनीने पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले. प्रत्येक मुलास हे साधेल असे नाही. परंतु शरीर ताठरले म्हणून बुद्धी थिजली, असे समजू नये, एवढा बोध पुरेसा आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवर्जून काढावे.

शेवटी ज्ञातिबांधवांस एक विनंती. मूल वाढते तसे त्याचे वजन वाढते आणि उचलणाऱ्या आईची कंबर खचते. रिठदहून वाशीमला दवाखान्यात नेण्याचा दिवस पेरणीतच आला, तर घरचा पुरुष शेत सोडू शकत नाही. अशा दिवशी कोणी सोबतीस यावे. काका, मामा, आत्या यांपैकी एकाने तरी मुलास उचलण्याची व भरविण्याची रीत शिकून घ्यावी. सहानुभूतीचे शब्द आम्हांस पुष्कळ मिळाले, त्यांचा आम्ही आदर करतो. पण एका दिवसाची सोबत त्या सर्वांहून मोलाची आहे.